चीनला गेलेल्या डॉक्टरांचा जमाखर्च

१९३८ च्या जुलै महिन्यात काँग्रेसने लोकांकडून वर्गणी काढून २२,००० रुपये उभे केले आणि त्या पैशांवर पाच डॉक्टर चीनला पाठवले. पाचांतला एक आमच्या सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस म्हटले की महाराष्ट्रात बहुतेकांना पुढची गोष्ट तोंडपाठ असते: जपानशी लढणारे चिनी सैनिक, चिनी पत्नी, परमुलखात आलेले मरण आणि शांतारामबापूंचा सिनेमा. पण हा सगळा खटाटोप किती पैशांत झाला आणि ते पैसे दिले कुणी, असे विचारले की समोरचा चमत्कारिक नजरेने बघतो. असला प्रश्न सीएलाच सुचायचा.

सुचतो खरा. सोलापुरात मी आयुष्यभर गिरण्यांचे, पतपेढ्यांचे आणि धर्मादाय ट्रस्टांचे हिशेब तपासले. परदेशातल्या शिबिरांना डॉक्टर पाठवणारे ट्रस्टही त्यांत आले. त्यांच्या कीर्दी चाळता चाळता मला एक खोड लागली. कुणी परदेशी सेवेला गेला असे कळले की त्याचे तिकीट कुणी काढले, तिथे त्याला जेवू कुणी घातले आणि मागे घर कुणी चालवले, हे आधी विचारायचे. कोटणिसांच्या बाबतीत तिन्हींची उत्तरे वेगवेगळी निघतात, आणि चरित्रकारांनी यातल्या पहिल्यावर दोन ओळी, दुसऱ्यावर एक आणि तिसऱ्यावर बहुधा काहीच लिहिलेले नाही.

तिकिटापासून सुरुवात करू. ७ जुलै १९३७ ला पेकिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर जपानी आणि चिनी फौजांत ठिणगी पडली आणि जपानने चीनवर सरळ चढाई केली. त्या वर्षअखेर चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती झू दे यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून वैद्यकीय मदत मागितली. लढणाऱ्या सैन्याजवळ शस्त्रक्रिया करू शकणारी माणसे जवळजवळ नव्हतीच. हे मागणे कुणापुढे ठेवले होते बघा. ज्याच्या हाती ना खजिना ना परराष्ट्र खाते, अशा एका पक्षाच्या अध्यक्षापुढे. तोवर फेब्रुवारी १९३८ उजाडला, हरिपुऱ्याचे अधिवेशन झाले आणि अध्यक्षपद सुभाषबाबूंकडे आले. ३० जूनला त्यांनी वृत्तपत्रांतून आवाहन केले आणि ७, ८, ९ जुलै हे चीन दिन आणि चीन निधीचे दिवस म्हणून ठरवले. युद्धाला वर्ष पूर्ण होत होते, म्हणून ७ तारीख. वर्गणीला तारखेचे निमित्त लागते, हे ज्याने गणेशोत्सवाच्या पावत्या फाडल्यात त्याला सांगायला नको.

तीन दिवसांच्या मोहिमेतून उभे राहिले ते हे २२,०००. तेव्हा सोने तोळ्याला तीस-पस्तीस रुपये होते. म्हणजे रक्कम फुटकळ नव्हती, पण एका देशाच्या युद्धापुढे ती काहीच नव्हती. त्यात एक रुग्णवाहिका, औषधे, हत्यारे आणि पाच माणसांचा प्रवास बसवायचा होता. पगार कुणालाच नाही. मुदत एका वर्षाची धरलेली. मला या हिशेबात सर्वांत प्रामाणिक वाटते ती ही मुदत. आपल्याजवळ किती आहे ते पाहून तेवढेच कबूल करणे हे सार्वजनिक कामात फार क्वचित दिसते.

इथे एक गोष्ट बाजूला नोंदवतो. जपानविरुद्ध लढणाऱ्यांसाठी ज्यांनी हा निधी उभा केला, तेच सुभाषबाबू १९४३ मध्ये जपानची मदत मागायला टोकियोला पोचले. कोटणीस तोवर वारले होते. यावर काय बोलायचे ते राजकारणाच्या अभ्यासकांनी बोलावे. मी फक्त दोन्ही नोंदी एका पानावर लिहितो.

परदेशी वैद्यकीय पथक वर्गणीतून पाठवायची ही पहिली वेळ नव्हती. १९१२ च्या बाल्कन युद्धात जखमी झालेल्या तुर्की सैनिकांसाठी डॉ. मुख्तार अहमद अन्सारी यांनी पथक नेले होते. मौलाना मोहम्मद अली यांच्या ‘कॉम्रेड’ पत्राने त्यासाठी पैसे गोळा केले आणि ते पथकही डिसेंबर १९१२ मध्ये मुंबई बंदरातूनच निघाले. १९१३ साली परतले. त्यात डॉक्टरांबरोबर नुसत्या उत्साहावर आलेले तरुणही होते, आणि त्यांतले काही पुढे राजकारणात नावारूपाला आले. आपल्याकडच्या नेत्यांना पंचवीस वर्षांनी पुन्हा पथक पाठवायचे सुचले तेव्हा हा नमुना त्यांच्या डोळ्यांसमोर असणारच.

आमच्या दक्षिण महाराष्ट्रात तर उलटी वाहतूक आधीपासून चालू होती. मिरजेचे डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी मिरजेचे रुग्णालय उघडले. पैसा अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा, म्हणजे तिकडच्या चर्चमध्ये रविवारी ताट फिरवून जमलेला. या मुलखातले किती लोक ‘ऑपरेशनला मिरजेला’ म्हणून गेले आणि चालत परत आले! सातासमुद्रापारच्या माणसांनी आपल्यासाठी पदरमोड केली होती. ते ऋण मानायचे की धर्मप्रचाराचा खर्च म्हणायचे, यावर आमच्या वडिलांच्या पिढीत भांडणे होत. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर तो वाद निरर्थक होता.

पैसे जमले, आता माणसे. ही बाजू पैशांइतकीच अवघड. ब्रिटिश सरकारने पारपत्र दिल्याशिवाय कुणाला हलता येत नव्हते. कलकत्त्याच्या डॉ. रणेन सेन यांचे नाव ठरले होते, पण साम्यवादी हालचालींमुळे त्यांना पारपत्र नाकारले गेले. त्यांच्या जागी डॉ. विजयकुमार बसू गेले. हेही साम्यवादीच! सरकारी चाळणीची भोके कशी असतात त्याचा हा नमुना. पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल. स्पेनच्या यादवी युद्धात लोकशाहीवाद्यांच्या बाजूने त्यांनी काम केले होते, त्यामुळे गोळी लागलेला माणूस त्यांनी पुस्तकाबाहेर पाहिला होता. कलकत्त्याचे दुसरे डॉ. देबेश मुखर्जी. चौथे नागपूरचे डॉ. चोळकर, वयाने सर्वांत ज्येष्ठ. म्हणजे पाचांत दोघे मराठी मुलखातले. पण सोलापूरच्या माणसाचे नाव प्रत्येक तोंडी आणि नागपूरच्या माणसाचे नाव विचारले तर उत्तर नाही.

पाचवे कोटणीस. जन्म १० ऑक्टोबर १९१०. मध्यमवर्गीय घर, दोन भाऊ, पाच बहिणी. शिक्षण मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात. या कॉलेजाचीही एक पैशाची कथा आहे, आणि ती मला कोटणिसांच्या चरित्रात हवी होती. शेठ गोवर्धनदास सुंदरदासांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली होती की इथे शिकवणारे सगळे भारतीयच असतील. सरकारी नोकरीतल्या गोऱ्या डॉक्टरांचा वैद्यक शिक्षणावर मक्ता होता, त्या काळातली ही अट. १९२६ मध्ये कॉलेज उघडले. अधिष्ठाता होते डॉ. जीवराज मेहता, गांधीजींचे डॉक्टर आणि पक्के काँग्रेसी. तिथून बाहेर पडलेला पोरगा काँग्रेसच्या हाकेला ओ देतो यात नवल ते काय? देणगीदाराने घातलेली एक ओळीची अट पुढे कुठे जाऊन फळते, हे ताळेबंदात दिसत नाही.

हाक आली तेव्हा कोटणीस पदव्युत्तर परीक्षेची तयारी करत होते. घरच्यांना चीनबद्दल फारसे काही माहीत नव्हते. दारावर रेशमी कापड विकायला चिनी फेरीवाले येत, तेवढीच ओळख, असे त्यांच्या भगिनींनी पुढे सांगितले आहे. १ सप्टेंबर १९३८ ला पी. अँड ओ. कंपनीच्या ‘राजपुताना’ बोटीने पाचही जण मुंबईहून निघाले. (ही बोट पुढे ब्रिटिश आरमाराने युद्धासाठी घेतली आणि एप्रिल १९४१ मध्ये आइसलँडच्या बाजूला जर्मन पाणबुडीने बुडवली.) १७ सप्टेंबरला कँटनला, म्हणजे आजच्या ग्वांगझौला, सुंग चिंगलिंग यांनी त्यांचे स्वागत केले. सुन यत्सेन यांच्या या पत्नीच तेव्हा परदेशी मदतीचा चीनमधला दरवाजा होत्या.

ज्या शहरांतून पथक आत शिरले ती शहरे पाठोपाठ पडली. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात कँटन जपान्यांच्या हाती गेले, त्याच महिन्याच्या अखेरीला हँकौ. पथक आधी चुंगकिंगला सरकले. मागे समुद्राकडची वाट बंद झाली होती. भारतातून नवी औषधाची पेटी धाडायची म्हटली तरी आता ते सोपे राहिले नव्हते. आणि वर्ष संपते न संपते तोच, सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात महायुद्ध पेटले आणि सरकारने हिंदुस्थानात परकीय चलनावर निर्बंध आणले. देशाबाहेर पैसा पाठवायचा तर रिझर्व्ह बँकेची परवानगी. म्हणजे २२,००० रुपयांचे जे काही सामर्थ्य होते ते पहिल्या वर्षातच संपले. त्यापुढची सव्वातीन वर्षे कोटणीस चीनमध्ये राहिले ती आपल्या वर्गणीवर नव्हेत.

मग कुणाच्या? जेवू घालणारे चिनी शेतकरी होते. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक साम्यवाद्यांच्या तळावर, येनानला पोचले. तिथे डोंगर कोरून केलेल्या गुहांत राहायचे आणि खायला राळे. आमच्या सोलापूर भागात राळे म्हणजे दुष्काळातला आधार. आता पुन्हा पौष्टिक म्हणून पाकिटात घालून विकतात तेच धान्य. त्या वर्षाअखेर अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. त्यांच्याआधी हीच वाट कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी तुडवली होती. त्यांचे भाडे अमेरिकेतल्या आणि कॅनडातल्या मदत समित्यांनी भरले होते. पण पैशाने मिळणारे सगळे आघाडीवर पोचेलच असे नाही, हे ओळखून बेथ्यूननी खेचराच्या पाठीवर बसेल असे एक लाकडी खोगीर करून घेतले होते. दोन्ही बाजूंच्या कप्प्यांत औषधे, पट्ट्या, हत्यारे. खेचर थांबले की खोगीर उतरवायचे, गावातल्या एखाद्या घराच्या दाराची फळी त्यावर आडवी टाकायची आणि जखमीची मलमपट्टी सुरू. गावचा सुतार हे बनवू शकत होता, मोडले तर पुढच्या गावचा दुरुस्त करू शकत होता. परदेशी मदतीचे याहून चांगले यंत्र मी वाचलेले नाही. एका शस्त्रक्रियेत बोट कापून रक्तात विष पसरले आणि १२ नोव्हेंबर १९३९ ला बेथ्यून गेले.

१९४० च्या उन्हाळ्यानंतर आठव्या मार्गसेनेने ‘शंभर रेजिमेंटां’ची मोठी मोहीम उघडली. त्या धुमश्चक्रीत कोटणिसांनी ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. एकदा तर ७२ तास न थांबता शस्त्रक्रिया केल्या. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून यांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले. चिनी भाषा शिकले, त्याच भाषेत शिकवले, शस्त्रक्रियेवर पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. माझ्या मते सगळ्या कर्तबगारीत हे पुस्तक महत्त्वाचे. ८०० जखमी वाचवणारा डॉक्टर मोठाच, पण आपल्यामागे तिथलेच डॉक्टर उभे राहावेत म्हणून त्यांच्या भाषेत धडे लिहिणारा पाहुणा दुर्मीळ. वर्षभराच्या तिकिटावर गेलेल्या माणसाकडून ते होत नाही; तिथली भाषा कानात मुरायलाच वर्ष जाते.

आता तिसरी नोंद, मागच्या घराची. येनानला निघण्याआधी, चुंगकिंगमध्ये असतानाच, कोटणिसांना वडील गेल्याचे कळले. परत फिरायची मुभा होती. ते फिरले नाहीत. चरित्रांत हा प्रसंग त्यागाचा म्हणून येतो, आणि तो आहेच. पण मी तो वाचतो तेव्हा सोलापुरातल्या त्या घराचा विचार करतो. एवढी भावंडे, कर्ता पुरुष गेलेला, शिकलेला डॉक्टर मुलगा डोंगरापलीकडे, आणि त्याच्याकडून मनीऑर्डर येण्याची शक्यता नाही. या घराला किती सोसावे लागले याचा आकडा कुठल्याही निधीच्या हिशेबात धरलेला नव्हता. धरायला हवा होता असे मी तेव्हाच्या लोकांना म्हणत नाही. त्यांच्यापाशी तेवढे नव्हतेच. आज ज्यांच्यापाशी आहे, त्यांच्याबद्दल पुढे लिहितो.

बाकी चौघे परतले. मुखर्जी आणि चोळकर १९३९ मध्ये, अटल १९४० मध्ये, बसू १९४३ मध्ये. कुणाला प्रकृतीने साथ दिली नाही, कुणाचे काम संपले. ख्वाजा अहमद अब्बास यांनी या पथकावर लिहिलेल्या पुस्तकाचे नावच परत न आलेल्यावरून ठेवलेले आहे, आणि त्यावरूनच १९४६ चा ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ निघाला. परतलेल्यांची अमर कहाणी होत नाही. पण चोळकरांसारखा वयस्क माणूस बोट, ट्रक, थंडी आणि बॉम्ब सोसून येनानपर्यंत जातो, आपला वाटा उचलतो आणि घरी येतो, हे कराराप्रमाणेच होते. ठरले होतेच एक वर्ष. बसूंनी तर परतल्यावर पंधराएक वर्षांनी पुन्हा चीनला जाऊन अॅक्युपंक्चर शिकून घेतले आणि कलकत्त्यात त्याचा पाया घातला. या पथकाची भारतात परत आलेली एकमेव मिळकत म्हणायची तर ती ही.

कोटणिसांनी १९४१ च्या अखेरीस त्याच परिसरातल्या परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, अपस्माराच्या झटक्यांनी, बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेले. उपचारासाठी आघाडी सोडून जायचा सल्ला त्यांना आधी मिळाला होता, तो त्यांनी ऐकला नाही. मुलगा वैद्यक शिकत असतानाच १९६७ मध्ये वारला. गुओ चिंगलान २०१२ पर्यंत जगल्या.

माझ्या धंद्यातली आजची गोष्ट सांगतो. आता एखाद्या ट्रस्टने असे पथक पाठवायचे म्हटले तर पहिला अडसर आयकराचा येतो. ट्रस्टचा पैसा भारताबाहेर खर्च झाला की त्यावर सूट नाही. १९६१ च्या कायद्याचे कलम ११ तसे सांगत आले, आणि प्रत्यक्ष कर मंडळाची खास परवानगी मिळाली तरच वाट निघत असे. त्यामुळे बहुतेक शिबिरे डॉक्टरांच्या स्वतःच्या खिशावर, एखाद्या रोटरी क्लबच्या मदतीवर किंवा तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांच्या औदार्यावर चालतात. टाके घालायचा दोरा आणि भिंगे सामानाच्या बॅगेत कपड्यांच्या घड्यांत जातात, जादा वजनाचे पैसे विमानतळावर कुणीतरी भरतो, आणि ती पावती माझ्या टेबलावर येते.

एका तरुण नेत्रशल्यविशारदाच्या पावत्या अशाच आल्या होत्या. आफ्रिकेतल्या शिबिरात त्याने मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया रांगेने केल्या. तेवढे दिवस इकडे दवाखाना बंद. यंत्राच्या कर्जाचा हप्ता चालू, परिचारिकेचा आणि कंपाउंडरचा पगार चालू. ट्रस्टने विमानाचे भाडे दिले, हारतुरे घातले, फोटो छापले. बदली डॉक्टर बसवायचा खर्च हिशेबात धरा असे मी सुचवले तर विश्वस्तांच्या बैठकीत एक ज्येष्ठ म्हणाले, ‘‘अहो, मग ती सेवा कसली?’’ पुढच्या खेपेला तो डॉक्टर गेला नाही, दुसरा कुणी मिळाला नाही, आणि शिबिर रद्द झाले. त्या ज्येष्ठांना घरच्या खर्चाची झळ आयुष्यात कधी लागली नसावी.

एका आठवड्याची शिबिरे फोल आहेत असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. मोतीबिंदू काढायला आठवडा पुरतो. पण तिकडच्या मुलामुलींना तेच काम शिकवायचे असेल तर निदान वर्ष हवे, आणि वर्षभर माणूस द्यायचा तर त्याचे घर कुणीतरी सांभाळले पाहिजे. १९३८ च्या लोकांनी रिकाम्या हातांनी वर्षाची मुदत कबूल केली. आजचे ट्रस्ट भरल्या हातांनी सात दिवसांची करतात.

शेवटी वाचकांना एक विनंती. सोलापुरात कोटणिसांचे घर महापालिकेने स्मारक म्हणून जपले आहे, कागदपत्रे ठेवायला जागा आहे. २२,००० रुपये गावोगावच्या खिशांतून आले, म्हणजे कुठेतरी वर्गणीच्या पावत्या, चीन निधीच्या सभांची हस्तपत्रके, तालुका काँग्रेस कमिट्यांच्या हिशेबवह्या असणार. नागपुरात चोळकरांची पत्रे कुणाच्या माळ्यावर असतील. जुन्या काँग्रेस कार्यकर्त्याच्या ट्रंकेत १९३८ ची वही सापडली तर ती रद्दीवाल्याला देऊ नका. दोन आण्यांची पावती असली तरी चालेल; स्मारकाकडे किंवा तुमच्या गावच्या जुन्या ग्रंथालयाकडे नेऊन द्या आणि पोच घ्या.